नॅनोकण घातले की फ्लक्स वाढतो, रिजेक्शन पडतं: मेम्ब्रेनमधल्या गुठळ्यांचा माग कसा काढायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. पाणी गाळणाऱ्या कोऱ्या पॉलिएमाइड मेम्ब्रेनला (पातळ पडद्याला) मिठाचं रिजेक्शन ९९ टक्के मिळत होतं, म्हणजे शंभरातलं नव्याण्णव भाग मीठ अडत होतं. त्यात नॅनोकण घातले. मग ते टायटॅनियम डायऑक्साइडचे असोत, सिलिकाचे, झिओलाइटचे किंवा ग्राफीन ऑक्साइडचे पापुद्रे असोत. फ्लक्स, म्हणजे ठरावीक क्षेत्रातून तासाला जाणारं पाणी, दीडपट झाला आणि रिजेक्शन ९४ वर आलं. पुढच्या बॅचला ९८, त्याच्या पुढच्या बॅचला ८९. पाककृती तीच, पावडरची बाटली तीच, हातही तेच. मग कोणी कणांचं प्रमाण वाढवून पाहतो, कोणी कमी करून, कोणी कणांवर नवं रासायनिक आवरण चढवतो, आणि दर वेळी नवा आकडा येतो ज्याचा आधीच्या आकड्याशी काही संबंध लागत नाही.

अपेक्षा मुळात चुकीची नाही. २००७ साली एरिक होक आणि सहकाऱ्यांनी पॉलिएमाइडच्या पातळ थरात झिओलाइट-ए चे नॅनोकण बसवून दाखवले, आणि रिजेक्शन फारसं न गमावता पाणी जास्त जातं हे मांडलं. तिथून या प्रकारच्या मेम्ब्रेनची लाटच आली. तेव्हा हे जमतं. पण जमण्यासाठी कण खरोखर एकेकटे राहिले पाहिजेत, आणि नेमकं तेच बहुतेकांकडे होत नाही. माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ तक्रारींचं मूळ कणांच्या रसायनात नसतं. मूळ गुठळीत असतं, आणि गुठळी मेम्ब्रेन ओतण्याच्या कितीतरी आधी, बाटलीत तयार झालेली असते.

पण हे गृहीत धरून कामाला लागू नका. आधी तपासा.

मोजमापातली चूक वगळा

फ्लक्स मोजताना पाण्याचं तापमान लिहिलं होतं का? २५ अंशाला पाण्याचा चिकटपणा ०.८९ मिलिपास्कल-सेकंद असतो, ३० अंशाला ०.८०. म्हणजे सकाळचा तुकडा २५ अंशाला आणि दुपारचा ३० अंशाला चालवला, तर मेम्ब्रेन अगदी एकच असूनही नुसत्या चिकटपणामुळे फ्लक्समध्ये ११-१२ टक्के फरक दिसेल. आरओमध्ये तर याहून जास्त, कारण तापमानाबरोबर पॉलिमरही सैल होतं. पंप तासभर फिरला की टाकीतलं पाणी आपोआप गरम होतं, हे लक्षात ठेवा.

दुसरं म्हणजे दाबाखाली बसणं. नवीन मेम्ब्रेन दाबाखाली आक्रसतं आणि फ्लक्स सुरुवातीला उतरत जातो. तो स्थिर झाल्याशिवाय घेतलेला आकडा निरुपयोगी. कण असलेलं मेम्ब्रेन कोऱ्यापेक्षा कमी दबतं, त्यामुळे दोघांना सारखीच वीस मिनिटं देऊन केलेली तुलना फसवी ठरते. चाचणीच्या दाबापेक्षा थोड्या जास्त दाबावर, फ्लक्सची रेषा सपाट होईपर्यंत चालवा, मग मोजा.

सेलच्या, म्हणजे मेम्ब्रेन बसवून दाब देतात त्या चाचणीच्या भांड्याच्या, रबरी रिंगमधली गळती हा तिसरा संशयित. सेलमध्ये मेम्ब्रेनच्या जागी न गळणारी प्लास्टिकची पातळ फिल्म बसवा आणि दाब द्या. थेंब आला तर दोष सेलचा.

सरासरी बाजूला ठेवा, विखुरलेपण बघा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू दे. एका शीटमधून किमान सहा तुकडे कापा: मधून, कडांवरून, कास्टिंग (द्रावण ओतून ब्लेडने पसरवणं) सुरू झालं त्या टोकाकडून आणि संपलं त्या टोकाकडून. प्रत्येकावर नंबर टाका. सहाही तुकड्यांचे आकडे वेगवेगळे लिहा. सरासरी काढायचा मोह आवरा.

समजा सहा तुकड्यांचं रिजेक्शन ९४, ९३.५, ९४.२, ९४, ९३.८, ९४.१ आलं. आता दुसरी शीट धरा: ९८.८, ९८.६, ८४, ९८.७, ९८.९, ८५. दोन्हींची सरासरी ९४ च्या आसपास. अहवालात दोन्ही सारखेच दिसतील. प्रत्यक्षात हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधं एकमेकांच्या उलट आहेत. पहिल्या शीटमध्ये सगळा थरच सैल झाला आहे, तो रसायनाचा प्रश्न. दुसऱ्या शीटमध्ये थर उत्तम आहे, फक्त दोन ठिकाणी भोक आहे. तिथे कणांचं आवरण बदलत बसण्यात काही अर्थ नाही. मी स्वतः जवळजवळ तीन महिने सिलेन, म्हणजे कणांवर आवरण चढवणारं रसायन, बदलत घालवले आहेत, आणि त्या सगळ्या काळात वहीत फक्त सरासऱ्या लिहिलेल्या होत्या. जुने तुकडे राखून ठेवले होते म्हणून नंतर एकेक पुन्हा चालवून पाहता आले. वाईट आकडा दर वेळी कास्टिंगच्या शेवटच्या टोकाकडचा होता.

भोक किती मोठं असावं लागतं याचा ढोबळ हिशेब करून पाहा, डोळे उघडतात. ४० चौरस सेंटिमीटरचा तुकडा, तासाला चौरस मीटरमागे ५० लिटर फ्लक्स. म्हणजे तासाला २०० मिलिलिटर पाणी. आता त्या थरात २ मायक्रोमीटर व्यासाचं एकच भोक आहे असं धरा. १५.५ बार दाबाला पातळ चकतीतल्या भोकाचं सूत्र लावलं तर त्यातून तासाला साधारण २ मिलिलिटर पाणी जातं, म्हणजे एकूण पाण्याच्या १ टक्का. खालच्या सच्छिद्र आधाराचा अडथळा धरला तर कमी, पण अंदाज येतो. त्या १ टक्का पाण्यासोबत मीठ न अडता जातं. आत सोडलेलं पाणी २००० पीपीएमचं असेल, तर गाळलेल्या पाण्यातलं मीठ २० वरून जवळजवळ ४० पीपीएम होतं. रिजेक्शन ९९ वरून ९८. माणसाच्या केसाच्या पंचवीसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढं एक भोक, आणि मिठाची गळती दुप्पट!

याच हिशेबाची दुसरी बाजू तितकीच उपयोगी आहे. फ्लक्स दीडपट झाला आणि रिजेक्शन ९९ वरून ९४ वर आलं, तर हे सगळं भोकांमुळे झालं असेल का? नाही. रिजेक्शन ९४ व्हायला गाळलेल्या पाण्यातलं फक्त ५ टक्के पाणी भोकांतून यावं लागतं. उरलेली वाढ थरातूनच आली आहे. वाढलेला सगळा ५० टक्के प्रवाह भोकांतून आला असता तर रिजेक्शन ६५-७० च्या घरात कोसळलं असतं. म्हणजे अशा नमुन्यात दोन गोष्टी एकत्र आहेत: कणांनी खरोखर पाण्याला वाट करून दिली आहे, आणि त्यासोबत काही गुठळ्यांनी थर फोडला आहे. हे मला आशादायक वाटतं, कारण फायदा खरा आहे आणि तोटा टाळता येण्याजोगा आहे.

भोक आहे की थर सैल आहे

आरओ किंवा घट्ट नॅनोफिल्ट्रेशनच्या मेम्ब्रेनला सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे दाब बदलणं. तोच तुकडा, तेच २००० पीपीएम मिठाचं पाणी, ८ बार, १२ बार, १६ बार. अखंड थरातून मीठ जातं ते दोन बाजूंच्या सांद्रतेतल्या फरकामुळे, दाबामुळे नव्हे. पाणी मात्र दाबाबरोबर वाढतं. म्हणून दाब वाढवला की गाळलेलं पाणी अधिक गोडं होतं, रिजेक्शन चढतं. २००० पीपीएम मिठाचा परासरण दाब सुमारे १.७ बार, तो वजा केला तर ८ वरून १६ बारला गेल्यावर निव्वळ दाब दुपटीहून जास्त होतो आणि मिठाची गळती निम्म्याहून खाली यायला हवी. भोक असेल तर मीठही पाण्यासोबत दाबानेच ढकललं जातं, मग रिजेक्शन जागचं हलत नाही किंवा उतरतंच. पृष्ठभागावर पाणी पुरेशा वेगाने वाहतं ठेवा, नाहीतर मेम्ब्रेनलगत साठलेलं मीठ असाच भास निर्माण करेल.

रंगाची चाचणी त्याच्याही आधी करता येते. ऱ्होडामाइनसारख्या रंगाचं सौम्य द्रावण पृष्ठभागावर घेऊन थोडा दाब द्या, धुवा, आणि तुकडा उलटा करून मागची बाजू बघा. भोकाच्या जागी ठिपका उमटतो. ठिपके कुठे आहेत ते शीटच्या नकाशावर मांडा. ओळीत असतील तर ब्लेडखाली काहीतरी अडकून घासलं गेलं आहे. विखुरलेले असतील तर गुठळ्या.

अल्ट्राफिल्ट्रेशनच्या मेम्ब्रेनला मीठ अडवायचंच नसतं, तिथे बुडबुड्यांची चाचणी. ओल्या मेम्ब्रेनच्या मागून हवा सोडायची आणि पहिला बुडबुडा कोणत्या दाबाला आला ते पाहायचं. पाण्याने भिजलेल्या १ मायक्रोमीटरच्या छिद्रातून हवा बाहेर पडायला जवळजवळ २.९ बार लागतात, १० मायक्रोमीटरच्या छिद्रातून ०.२९ बार. अर्ध्या बारला बुडबुडा आला तर काही मायक्रोमीटरचा दोष आहे, आणि बुडबुडा नेमका कुठून येतो हे डोळ्यांना दिसतं.

आणखी एक जुनी युक्ती आहे जी पाण्यावर काम करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. वायू वेगळे करणाऱ्या मेम्ब्रेनमध्ये हेनिस आणि त्रिपोदी यांनी १९८० च्या सुमारास पृष्ठभागावर सिलिकॉन रबराचा पातळ थर देऊन बारीक भोकं बुजवली, आणि मेम्ब्रेनचा मूळ गुण परत आला. पाण्याच्या मेम्ब्रेनवर त्याऐवजी पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा अगदी पातळ, जोडबंध केलेला थर देता येतो. थर दिल्यावर रिजेक्शन झटकन वर आलं आणि फ्लक्स थोडाच कमी झाला, तर रोग भोकांचा होता. मी हा उपाय म्हणून सुचवत नाही, निदान म्हणून सुचवतो.

गुठळी कुठे जन्मते

आता मुख्य भाग. बाजारात मिळणारी टायटॅनियाची पावडर, उदाहरणार्थ पी-२५, हिचे मूळ कण सुमारे २१ नॅनोमीटरचे असतात. बाटलीवर तेच लिहिलेलं असतं आणि शोधनिबंधातही तेच उतरवलं जातं. पण त्या पावडरच्या एका ग्रॅमला साधारण ५० चौरस मीटर पृष्ठभाग आहे, आणि एवढ्या पृष्ठभागाला स्वतःशीच चिकटायचं असतं. बाटलीतून जे बाहेर येतं ते २१ नॅनोमीटरचं नसतं, मायक्रोमीटरच्या पुंजक्यांचं असतं. पॉलिएमाइडचा थर १००-२०० नॅनोमीटर जाड. त्यात १ मायक्रोमीटरचा पुंजका म्हणजे जमिनीखाली न मावणारा दगड, दोन्ही बाजूंनी डोकं बाहेर काढणारच.

पुंजके आहेत की नाही हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. एनएमपी या द्रावकात २१ नॅनोमीटरचा टायटॅनियाचा सुटा कण तासाभरात एक-दोन मायक्रोमीटर खाली सरकतो, म्हणजे व्यवहारात अजिबात नाही. १ मायक्रोमीटरचा घट्ट पुंजका तासात साडेतीन मिलिमीटर उतरतो, २ मायक्रोमीटरचा सुमारे १४ मिलिमीटर. तेव्हा सोनिकेशननंतर (ध्वनिलहरींनी पुंजके फोडल्यावर) द्रावण एका उभ्या काचेच्या नळीत तासभर ठेवा. तळाशी पांढरी रेघ दिसली की प्रश्न संपला: तुमच्याकडे नॅनोकण नाहीत, गुठळ्या आहेत. कणांच्या आकाराचं यंत्र, म्हणजे डीएलएस, असेल तर वापरा, पण नमुना गाळून मग मोजू नका. गाळणीवर अडकलेलं तेच तर शोधायचं आहे.

पावडरपासून सुरुवात करू. सिलिका आणि टायटॅनिया हवेतली ओल धरतात आणि ओल कणांमध्ये पूल बांधते. निर्वातात ११०-१२० अंशाला रात्रभर वाळवा, बाटली बंद ठेवा, गार झाल्यावर लगेच वजन करा. ग्राफीन ऑक्साइडला मात्र हे कधीही करू नका. उष्णतेने त्याचं ऑक्सिजन निघून जातं आणि पापुद्रे एकमेकांवर असे बसतात की पुन्हा सुटत नाहीत. ते कधीच पूर्ण वाळवायचं नसतं, ओल्या लगद्यातूनच पाणी काढून हळूहळू द्रावक भरत न्यायचा.

मग क्रम. बहुतेक जण पॉलिमर आधी विरघळवतात आणि त्या घट्ट द्रावणात पावडर टाकतात, कारण सोपं वाटतं. हा क्रम उलटा आहे. घट्ट द्रावणात सोनिकेशनच्या लहरी काही अंतरावर मरतात आणि पुंजके फुटत नाहीत. आधी पावडर नुसत्या द्रावकात. सोनिकेशन. मग लागणाऱ्या पॉलिमरपैकी दहाव्या हिश्श्याएवढं पॉलिमर टाकून काही तास ढवळायचं, म्हणजे प्रत्येक कणावर पॉलिमरचं पातळ अस्तर चढतं आणि कण पुन्हा एकमेकांना भिडत नाहीत. त्यानंतर उरलेलं पॉलिमर थोडं थोडं. हे अस्तर चढवण्याचं पाऊल गाळलं तर बाकी सगळं नीट करूनही शेवटी गुठळ्या परततात, आणि तरीही ते सर्रास गाळलं जातं.

सोनिकेशनबद्दल. टाकीचं सोनिकेटर आणि टोकदार प्रोब यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. टाकीत बाटली कुठे ठेवली, टाकीत पाणी किती आहे, यावर बाटलीत पोहोचणारी ताकद बदलते. म्हणून 'तीस मिनिटं सोनिकेट केलं' या वाक्यातून काहीच कळत नाही. प्रोब असेल तर बर्फात भांडं ठेवून, दोन सेकंद चालू दोन सेकंद बंद असं चालवा, आणि मिनिटांऐवजी यंत्र दाखवतं ती एकूण ऊर्जा लिहा. दर थोड्या वेळाने नमुना काढून आकार पाहा; आकार सपाट झाला की थांबा. जास्त केल्याने दोन नुकसानं होतात. प्रोबचं टोक झिजतं आणि टायटॅनियम धातूचे कण द्रावणात पडतात. आणि पॉलिमर आत असेल तर त्याच्या साखळ्या तुटतात, द्रावण पातळ होतं, मेम्ब्रेनची रचनाच बदलते. याच कारणासाठी कोरं मेम्ब्रेनही त्याच सगळ्या पायऱ्यांतून न्यायला हवं, सोनिकेशनसकट, फक्त पावडर न घालता. नाहीतर तुम्ही कणांचा परिणाम मोजताय की सोनिकेशनचा, हे सांगता येणार नाही.

आता बुडबुडे काढण्यासाठी द्रावण रात्रभर ठेवणं. माझ्या त्या तीन महिन्यांचा दोषी इथे सापडला. सोमवारी बनवलेलं द्रावण मंगळवारी ओतलं जायचं, गुरुवारी बनवलेलं मात्र सुट्टीमुळे सोमवारपर्यंत पडून राहायचं. घट्ट द्रावणात कण फारसे खाली बसत नाहीत, २ मायक्रोमीटरचा पुंजका दिवसाला अर्धा मिलिमीटर. पण १० मायक्रोमीटरचा पुंजका दिवसाला जवळपास दीड सेंटिमीटर उतरतो, आणि अस्तर नीट नसेल तर पडून राहिलेल्या द्रावणात छोट्यांचे मोठे होतच असतात. ओतताना बाटली कलंडवली की वरचं स्वच्छ द्रावण आधी येतं, तळाचं गुठळ्यांचं शेवटी. कास्टिंगच्या शेवटच्या टोकाचे तुकडे वाईट का, याचं उत्तर एवढंच होतं. हलक्या निर्वातात काही तासांत बुडबुडे काढा, ओतण्याआधी बाटली रोलरवर हळू फिरवा, आणि तळाचा पाचवा हिस्सा वापरूच नका. द्रावण ओतण्यापूर्वी जाड जाळीच्या स्टीलच्या गाळणीतून नेलं तर मोठ्या गुठळ्या अडतात, पण मग गाळणीवर किती राहिलं याचं वजन घ्या, कारण तेवढं प्रमाण मेम्ब्रेनमध्ये कमी गेलं.

प्रमाणाबद्दल एक सूचना. वजनी ५ टक्के टायटॅनिया आणि वजनी ५ टक्के सिलिका यांची थेट तुलना करू नका. टायटॅनियाची घनता ४.२, सिलिकाची २.२. पीईएस पॉलिमरमध्ये पहिल्याचं आकारमान १.७ टक्के होतं, दुसऱ्याचं ३.२. 'सिलिका लवकर गुठळते' हे विधान बऱ्याचदा इतकंच सांगत असतं की सिलिका दुप्पट जागा घेते.

पातळ थरातले कण

पॉलिएमाइडचा थर दोन द्रावणांच्या सीमेवर तयार होतो: पाण्यात एमपीडी हे अमाइन, हेक्झेनमध्ये टीएमसी हे आम्ल क्लोराइड. कण कोणत्या बाजूला घालायचे? हेक्झेनमध्ये घातले तर ते थराच्या जवळ राहतात, पण पाणी आवडणारे कण हेक्झेनमध्ये टिकत नाहीत. हेक्झेन पाण्यापेक्षा पातळ आहे. १ मायक्रोमीटरचा टायटॅनियाचा पुंजका तासात दोन सेंटिमीटरहून जास्त उतरतो. ओतायला घेतलेल्या भांड्यात थोडा वेळ गेला की वर आणि खाली वेगळी द्रावणं असतात. एकेक शीट ओतण्याच्या लगेच आधी ढवळायचं आणि त्याच क्षणी ओतायचं. कणांनी ओल धरलेली असेल तर ती टीएमसीला हेक्झेनमध्येच तोडते, आणि थर कमकुवत होतो.

पाण्याच्या बाजूला घातले तर दुसरा त्रास. जास्तीचं अमाइनचं द्रावण रबरी रोलरने पुसतात तेव्हा कणही पुसले जातात, किंवा रोलरच्या वाटेत ओळीने साचतात. शिवाय तिथे पीएच आणि मीठ बघावं लागतं. टायटॅनियाचा भार पीएच ६ च्या आसपास शून्य होतो आणि कण एकमेकांना धरतात. सिलिकाचा २ च्या आसपास, त्यामुळे ती उदासीन पाण्यात बरी टिकते. अमाइनच्या द्रावणात मदतीला घातलेलं कॅम्फरसल्फोनिक आम्लाचं मीठ भाराचं संरक्षण कमी करतं, आणि साध्या पाण्यात छान तरंगणारे कण इथे दहा मिनिटांत बसतात. म्हणून स्थिरतेची चाचणी साध्या पाण्यात घेऊ नका, ज्या द्रावणात कण जाणार त्यातच घ्या.

सहाही तुकडे सारखेच खाली असतील तर

मग गुठळीमागे धावू नका. कणांच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल किंवा अमाइन गट टीएमसीला खातात आणि पॉलिमरला जोडबंधांसाठी ते कमी पडतं. किंवा कण अमाइनची वाट अडवतात. ग्राफीन ऑक्साइड स्वतः आम्लधर्मी असल्याने अमाइनच्या द्रावणाचा पीएच उतरवतं. कणांचं प्रमाण निम्मं करून पाहा, टीएमसीची सांद्रता थोडी वाढवा, पीएच मोजा आणि कोऱ्याच्या बरोबरीला आणा. एमपीडीचं द्रावण तपकिरी झालं असेल तर ते फेका. हवेने खराब झालेल्या अमाइनवर कोणताही प्रयोग उभा राहत नाही. सिलेनचं आवरण दिलेलं असेल तर सिलेन जास्त झालं का हेही पाहा. जास्तीचं सिलेन स्वतःशीच जोडलं जाऊन कणांना एकत्र शिवतं.

एवढ्यात हवेतल्या दमटपणाचा उल्लेख करून पुढे जातो. फेज इन्व्हर्जनने, म्हणजे पसरलेलं द्रावण पाण्यात बुडवून घट्ट करत, मेम्ब्रेन बनवत असाल तर ओतल्यापासून पाण्यात बुडवेपर्यंतचे सेकंद आणि खोलीतली सापेक्ष आर्द्रता, दोन्ही लिहा. एनएमपी हवेतून पाणी ओढतं आणि पृष्ठभाग बुडवण्याआधीच धुरकट होतो. तो धुरकटपणा कणांमुळे आला असं वाटतं, पण कोऱ्या शीटलाही तो असेल तर कण निर्दोष आहेत.

फ्युएल सेलच्या मेम्ब्रेनमध्ये हाच आजार

तिथे पाण्याऐवजी हायड्रोजन गळतो. नाफिऑन या प्रोटॉन वाहणाऱ्या पॉलिमरमध्ये सिलिका घालतात ती ८०-१०० अंशांच्या वर पाणी धरून ठेवावं म्हणून. सेल जोडल्यावर विनाभार व्होल्टेज ०.९५ च्या खाली रेंगाळत असेल तर हायड्रोजन पलीकडे जातोय असा पहिला संशय घ्या, आणि एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला नायट्रोजन ठेवून गळतीचा करंट मोजा. चांगल्या मेम्ब्रेनला तो चौरस सेंटिमीटरला एक-दोन मिलिअँपिअरच्या आसपास असतो. इथेही एका शीटमधले अनेक तुकडे तपासा, नियम तोच.

प्रोटॉनची वाहकता उतरली तर आधी साधा गुणाकार करा. ११०० तुल्यभाराच्या नाफिऑनची आयन-विनिमय क्षमता (आम्लाच्या गटांचं प्रमाण) ग्रॅमला ०.९१ मिलितुल्य. ५ टक्के सिलिका घातली की ती ०.८६ होणारच, कारण सिलिकावर आम्लाचे गट नाहीत. तेवढी घट हा दोष नाही, हिशेब आहे. घट त्याहून बरीच जास्त असेल तर मेम्ब्रेन आम्लात उकळून पूर्ण प्रोटॉनच्या रूपात आणलं होतं का ते पाहा, आणि मग गुठळ्यांकडे वळा. गुठळ्या टाळायचा एक वेगळा मार्ग इथे आहे: तयार नाफिऑन टीईओएसच्या (सिलिका बनवणाऱ्या द्रव रसायनाच्या) द्रावणात भिजवून सिलिका आतल्या आतच वाढवणं. केनेथ मॉरिट्झ यांनी नव्वदच्या दशकात यावर पुष्कळ काम केलं. आतले जलगुच्छ इतके लहान असतात की कणांना मोठं व्हायला जागाच मिळत नाही. पृष्ठभागावर साचलेली सिलिका मात्र लगेच पुसून काढावी लागते, नाहीतर इलेक्ट्रोडशी संपर्क बिघडतो.

पावडरमधला लोखंडाचा अंश इथे घातक ठरतो. सेलमध्ये थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतच असतं, आणि लोखंडाशी त्याची गाठ पडली की निघणारे हायड्रॉक्सिल मूलक पॉलिमर खातात. मेम्ब्रेन पहिल्या दिवशी उत्तम आणि काहीशे तासांनी पातळ झालेलं असेल, तर पावडर आम्लाने धुऊन पुन्हा करून पाहा.

कण आत आहेत का, आणि राहतात का

शीटच्या पाच जागांहून तुकडे घ्या, वाळवा, हवेत जाळा, राख तोला. पीईएस पूर्ण जळून जातं, राहतो तो कणांचा हिस्सा. पाचही राखा सारख्या आल्या आणि घातलेल्या प्रमाणाशी जुळल्या तर कण पोहोचले आणि पसरलेही. एरवी कुठे हरवले ते वर सांगितलेल्या पायऱ्यांत शोधा. पीव्हीडीएफ किंवा नाफिऑन अशा फ्लोरिन असलेल्या पॉलिमरवर ही चाचणी चालत नाही: जळताना निघणारं हायड्रोजन फ्लोराइड सिलिका खाऊन वायू करून टाकतं, आणि राख खोटं सांगते. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली, द्रव नायट्रोजनमध्ये तोडलेल्या काठावर मूलद्रव्यांचा नकाशा काढावा लागतो.

पिण्याच्या पाण्यासाठी मेम्ब्रेन करत असाल तर अजून एक काम उरतं, आणि ते टाळणं मला मान्य नाही. पहिल्या काही लिटरचं गाळलेलं पाणी वेगळं ठेवा, त्यात टायटॅनियम, जस्त, चांदी, जे घातलं असेल ते आयसीपी-एमएस या धातूंचे सूक्ष्म अंश मोजणाऱ्या यंत्रावर मोजा. मग आठवडाभर चालवून, एकदा आम्लाने आणि एकदा अल्कलीने धुऊन पुन्हा मोजा. झेडआयएफ-८ हे जस्त असलेलं सच्छिद्र द्रव्य आम्लात विरघळतं, झिओलाइट-ए मधलं ॲल्युमिनियमही आम्लात निघून जातं, म्हणजे साध्या सफाईच्या चक्रातच कण नाहीसे होऊ शकतात आणि त्यांच्या जागी पोकळी उरते. फ्लक्स त्या दिवशी वाढलेला दिसेल. त्या वाढीला सुधारणा समजण्याआधी त्याच तुकड्यावर दाबाची चाचणी पुन्हा लावा.